कॉन्चेर्टोत व्हायोला बुडतो तेव्हा

फोंड्याच्या एका तरुण रचनाकाराने विचारलं आहे. त्यांनी व्हायोला (व्हायोलिनसारखंच, पण मोठं आणि खालच्या स्वरांचं वाद्य) आणि ऑर्केस्ट्रासाठी बावीस मिनिटांचा कॉन्चेर्टो, म्हणजे एका सोलो वाद्याची ऑर्केस्ट्रासोबतची रचना, लिहिला आहे. पहिला भाग श्री रागावर बेतलेला, सा म्हणजे मधला 'सी'. जुलैत पणजीत वाचन-तालीम झाली: तीसेक तंतुवाद्यं, लाकडी सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यांच्या जोड्या, दोन हॉर्न, टिंपनी (मोठे नगारे), आणि हार्पचा भाग कीबोर्डवर. सुरुवातीची चार मिनिटं सोलो जवळजवळ ऐकूच आली नाही. एकाने सुचवलं, माइक लावा. दुसऱ्याने सुचवलं, हेच व्हायोलिनला द्या. यातलं काय करू, असा त्यांचा प्रश्न आहे आणि सोबत स्कोअरची (सगळ्या वाद्यांच्या एकत्रित स्वरलिपीची) पहिली अकरा पानं आहेत.

मी सत्तावीस वर्षं व्हायोला वाजवते. बहुतेक काळ ऑर्केस्ट्रात दुसऱ्या-तिसऱ्या डेस्कवर, आणि अधूनमधून नव्या रचनांच्या पहिल्या वाचनात सोलिस्ट म्हणून. त्यामुळे तुमच्या तालमीत काय झालं असेल ते पानं वाचतानाच माझ्या खांद्याला कळलं.

दोन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. प्रश्न आवाज कमी पडण्याचा वाटतो, पण पानांवर दिसतं ते वेगळं आहे. सोलिस्ट मंद्र सप्तकात श्रीची आलापी करते आहे, आणि त्याच सप्तकात तुम्ही दोन हॉर्नना सा आणि प धरून ठेवायला लावलं आहे. खाली चेलोंच्या (व्हायोलाहून मोठ्या, आणखी खालच्या तंतुवाद्यांच्या) उघड्या तारा, सी आणि जी, म्हणजे पुन्हा सा आणि प, त्याही सलग. तुम्हाला तानपुरा हवा होता. कल्पना मला फार आवडली. पण जो षड्ज-पंचम गायकाला आधार देतो, तोच इथे सोलिस्टला झाकतो आहे, आणि तो का झाकतो हे नीट समजून घेतलं तर उरलेली सगळी दुरुस्ती तुम्हालाच सुचेल.

त्याआधी जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते बोलून टाकते, कारण एका तालमीवरून पूर्ण निकाल देऊ नये. तुमची सोलिस्ट कुठे होती? तिला व्हायोला विभागाच्या पहिल्या खुर्चीवर, कंडक्टरच्या उजव्या हाताला बाहेरच्या बाजूला बसवलं असेल, तर तिच्या वाद्याची तोंडं, म्हणजे एफ-होल्स, मागच्या भिंतीकडे वळलेली होती. सोलिस्ट कंडक्टरच्या डावीकडे उभी राहते तेव्हा तीच तोंडं प्रेक्षकांकडे येतात. एवढ्यानेच ऐकणाऱ्याला दुसरं वाद्य वाटावं इतका फरक पडतो. वाद्य केवढं होतं? साडेपंधरा इंची आणि साडेसोळा इंची व्हायोलाच्या सी तारेत बराच फरक असतो. वादक मुळात व्हायोलिनची की व्हायोलाची? आपल्याकडे बहुतेक जण व्हायोलिनवरून येतात, मीही तशीच आले. व्हायोलाचा बो (गज) जड असतो, तार जाड असते, ती उशिरा बोलते. व्हायोलिनच्या सवयीने बो लवकर ओढला की स्वराचं पोट भरतच नाही. आणि जुलै. गोव्याच्या पावसात लाकूड दमट होतं, बोचे केस लांबतात आणि सैल पडतात, वाद्याचा गळा बसतो. जानेवारीत तोच स्वर मोकळा लागेल. या चार गोष्टींनी तुमची अडचण निम्मी होऊ शकते. पण उरलेली निम्मी कागदावर आहे.

आता कारण. व्हायोला व्हायोलिनपेक्षा पाच स्वर खाली लावलेला असतो. त्याची सर्वांत खालची सी तार सेकंदाला सुमारे १३१ कंपनांची, व्हायोलिनची जी तार १९६ची. व्हायोलिनचं शरीर साडेपस्तीस सेंटिमीटरचं. त्याच प्रमाणात व्हायोला बनवायचा तर तो सुमारे त्रेपन्न सेंटिमीटरचा व्हायला हवा, आणि तेवढा खांद्यावर धरता येत नाही. म्हणून तो एकोणचाळीस ते त्रेचाळीसच्या आसपास असतो. स्वर मोठ्या वाद्याचे, शरीर मधल्या वाद्याचं. त्यामुळे खालच्या स्वरांचा पाया कमजोर असतो आणि आपला कान तो स्वर मुख्यतः त्याच्या उपस्वरांवरून (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांवरून) ओळखतो. व्हायोलाच्या त्या गडद, किंचित घोगऱ्या आवाजाचं मूळ हेच आहे. ज्याला लोक उणीव म्हणतात ती त्याची ओळख आहे, आणि मला तर तिच्यामुळेच हे वाद्य सोडवलं नाही.

पण याची किंमत असते. तुमच्या सोलिस्टच्या खर्ज सा चे उपस्वर २६२, ३९३, ५२४ असे वर चढतात. हॉर्न आणि चेलो सा-प धरून बसले आहेत, त्यांचेही उपस्वर त्याच पायऱ्यांवर पडतात, आणि त्यांचे पाये भक्कम आहेत. शिवाय कानाचा स्वभाव असा, की खालचा आवाज वरच्याला जितका झाकतो तितका वरचा खालच्याला झाकत नाही. म्हणजे व्हायोलाला जिथून ओळखायचं, नेमक्या त्याच खिडक्या तुम्ही बंद केल्या आहेत. तिथे सोलिस्टला तुम्ही दोन एफ, म्हणजे 'खूप जोरात', लिहिलेत, तीन लिहिलेत तरी फरक पडणार नाही.

मग गायकाला तानपुरा का झाकत नाही? कारण तानपुरा छेडला जातो. प्रत्येक आघातानंतर स्वर उतरत जातो, आणि जव्हारीमुळे (तारेखालच्या रुंद घोडीने येणाऱ्या झणकारामुळे) त्याची झळाळी वरच्या उपस्वरांत फिरत राहते. खालच्या पायाचा तो ठोस खांब नसतो; सतत हलणारं, विरळ, चमकतं पाणी असतं. हॉर्नचा धरलेला स्वर त्याच्या उलट: गोल, पायात भक्कम, न उतरणारा. तुम्ही तानपुऱ्याचे स्वर घेतलेत आणि त्याचं वागणं मागे राहिलं. वागणं आणा. सा आणि प छेडा: हार्प असेल तर हार्पवर, एकेक स्वर, चार जणांनी आळीपाळीने छेडल्यासारखा. गोव्यात हार्प मिळवणं अवघड, तर पियानोचा डावा पेडल दाबून, आणि त्यात व्हायोलिनचे दोन-दोन वादक पिझिकाटोत (तार बोटाने छेडून) मिसळून. वरच्या उपस्वरांची जव्हारी हवी असेल तर दोन व्हायोलिनना खूप वरचे हार्मोनिक्स (तारेला नुसता स्पर्श करून काढलेले बारीक स्वर) हलक्या बोने द्या. डबल बेस एकच ठेवा आणि तोही बोटाने. हॉर्न पहिल्या चार मिनिटांत येऊच देऊ नका. ते सोलिस्टचा पहिला आलाप संपल्यावर आले तर तिथे दार उघडल्यासारखं वाटेल, जे तुम्हाला कदाचित तेव्हाच हवं असेल.

हे शहाणपण मला कोणत्याही ऑर्केस्ट्राच्या पुस्तकाआधी घराजवळच मिळालं होतं. लहानपणी जत्रेला देवळासमोर संगीत नाटकं व्हायची. आमच्याकडे ऑर्गनवर बसणारे एक काका होते. गायक नट खालच्या स्वरांत शिरला की ते डावा हात उचलून घ्यायचे आणि उजव्या हाताने वरच्या सप्तकात नुसती एक ओळ धरायचे. नट वर चढला की डावा हात परत. आवाज ते कमी करत नसत, जागा बदलत असत. मांडोत (गोव्याच्या कोकणी गीतप्रकारात) दुसरा आवाज पहिल्याच्या खाली तिसऱ्या-सहाव्या अंतराने चालतो आणि घुमट हे मातीचं तालवाद्य तालाच्या मोकळ्या जागेत बोलतं, तेव्हाही कुणी कुणावर चढत नाही. आपल्या कानांना हे माहीत आहे. स्कोअर लिहिताना ते विसरलं जातं, कारण कागदावर सगळ्या ओळी सारख्याच ठळक दिसतात.

मोठ्या रचनाकारांनाही या अडचणीशी झगडावं लागलं. विल्यम वॉल्टनचा व्हायोला कॉन्चेर्टो १९२९ साली लंडनला पहिल्यांदा वाजला. ज्या व्हायोलावादक लायोनेल टर्टिससाठी तो होता त्याने नाकारला, म्हणून रचनाकार पॉल हिंडेमिटने स्वतः वाजवला. आज तो व्हायोलावादकांचा रोजचा अभ्यास आहे. तरी तीस वर्षांनी, १९६१ मध्ये, वॉल्टनने ऑर्केस्ट्रा पुन्हा लिहिला: सुषिर वाद्यं तीन-तीनवरून दोन-दोनवर आणली, एक ट्रम्पेट आणि ट्यूबा काढले, हार्प घातला. सोलिस्टची ओळ तीच ठेवून भोवतालचं हलकं केलं. तुमच्या स्कोअरला नेमकं हेच लागणार आहे. बार्टोकनेही १९४५ मध्ये व्हायोलावादक विल्यम प्रिमरोजला लिहिलं होतं की त्याच्यासाठी लिहीत असलेल्या व्हायोला कॉन्चेर्टोचं वाद्यलेखन आपल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोपेक्षा पारदर्शक असेल. ते काम अपुरं टाकूनच तो गेला, आणि टिबोर शेर्लीने पुरं केलेलं रूप १९४९ मध्ये वाजलं.

हिंडेमिट स्वतः व्हायोलावादक होता. १९३५च्या 'डेर श्वानेनद्रेयर' मध्ये त्याने ऑर्केस्ट्रातून व्हायोलिन आणि व्हायोला दोन्ही काढून टाकले. तंतुवाद्यांत चार चेलो आणि तीन बेस एवढेच ठेवले. श्निट्केने १९८५ साली व्हायोलावादक युरी बाश्मेटसाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टोत व्हायोलिन नाहीतच. आठ व्हायोला, आठ चेलो, आठ बेस आहेत. तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी व्हायोलिन नसल्याचं कारण ऑर्केस्ट्राचा गडद रंग एवढंच समजले होते. पुढे सोलोचा भाग घरी बसवताना ध्यानात आलं की वरचं सगळं आभाळ सोलिस्टसाठी मोकळं ठेवलं आहे. ए तारेवर उंच चढल्यावर तिथे व्हायोलिनची गर्दी नसते. व्हायोलाला व्हायोलिनची उंची न देता त्याला सर्वांत उंच आवाज करता येतो, हे त्या दिवशी कळलं.

अलीकडच्यांत ब्रेट डीनचा २००४चा कॉन्चेर्टो जरूर ऐका. तो १९८५ ते १९९९ बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये व्हायोला वाजवत होता, त्यामुळे तो आमच्या खुर्चीत बसून लिहितो. योर्ग विडमानच्या २०१५च्या कॉन्चेर्टोत व्हायोलावादक आंत्वान तामेस्ती सुरुवातीला बो हातात घेतच नाही. लाकडावर बोटं आपटतो, तारा छेडतो, मंचावर जागा बदलत फिरतो. श्रोता आधी त्या माणसाला आणि त्या लाकडाला ओळखतो, मग बो येतो तेव्हा कान त्याच्या मागे जायला तयार असतो. मॉर्टन फेल्डमनने १९७१मध्ये व्हायोला आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं ते जवळजवळ सगळं हळू आवाजात. तिथे व्हायोला बुडण्याचा प्रश्नच येत नाही, कारण कोणी बुडवायला येत नाही. या सगळ्यांचं संगीत एकमेकांसारखं मुळीच नाही. पण प्रत्येकाने आधी ठरवलं की व्हायोला राहणार कुठे, आणि मग बाकीच्यांना बसवलं.

तुमच्या सोलोच्या ओळीबद्दल आता तारेनुसार बोलते. सी तार: खर्ज, जाड, शब्द उच्चारायला वेळ घेणारी. तिच्यावर लांब स्वर द्या, घाईचे नकोत, आणि भोवती जवळजवळ काहीच नको. जी आणि डी तारा: सर्वांत मऊ आणि सर्वांत सहज झाकल्या जाणाऱ्या. इथे क्लॅरिनेट, बॅसून (क्लॅरिनेटहून खालच्या स्वरांचं लाकडी वाद्य), हॉर्न आणि चेलोची वरची तार, सगळ्यांचं घर आहे. इथे सोलिस्ट असेल तेव्हा साथ एक तर बरीच वर न्या किंवा बरीच खाली, आणि धरलेल्या स्वरांऐवजी तुटक स्वर द्या. तुटक स्वरांच्या मधल्या फटींतून व्हायोलाचा आघात बाहेर येतो. ए तार: किंचित नाकातली, धारदार, दूर जाणारी. तिच्यावर पूर्ण ऑर्केस्ट्राशीही टक्कर देता येते. तुमचं नववं पान पाहा, तिथे सोलिस्ट ए तारेवर आहे आणि ऑर्केस्ट्रा गप्प. चौथ्या पानावर ती जी तारेवर आणि ऑर्केस्ट्रा पूर्ण. हे दोन्ही अदलाबदल केले तर काय होईल ते मनात ऐका. नववं पान एकटं सुंदर आहे हे मान्य, पण तिला तिथे मदतीची गरज नव्हती.

व्हायोलिनला देण्याचा सल्ला मला पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच रागात आहे. श्रीचा जीव कोमल रिषभावरून पंचमाकडे जाणाऱ्या मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकण्यात. तुम्ही ती मंद्रात, सी तारेवर लिहिली आहे. पंचम शेजारच्या जी तारेवर उघडा मिळतो, पण मींड हवी असेल तर सोलिस्टला त्याच एका तारेवर वर सरकत जावं लागतं, आणि जाड तारेवरचं ते ओढणं ऐकू येतं. त्यात श्रम आहेत, घर्षण आहे. संध्याकाळची श्रीची गंभीरता त्या घर्षणात येते. व्हायोलिनवर हा स्वरसमूह नाहीच; तो एक सप्तक वर न्यावा लागेल आणि मग तो दुसराच राग वाटेल. फक्त एक करा: त्या तीन मींडांवर बोटांच्या खुणेसोबत 'सर्व सी तारेवर' असं स्पष्ट लिहा. नाही तर वादक सोयीने उघडी जी तार घेतात आणि मींड तुटते. राग आणि ऑर्केस्ट्रा एकत्र आणायचं धाडस आपल्याकडे नवं नाही. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ साली मुंबईत स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला तो त्याच ध्यासाने. तुम्ही त्या वाटेवर आहात याचा मला मनापासून आनंद आहे.

माइकचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. एखाद्या खुल्या रंगमंचावर किंवा किल्ल्यात वाजवणार असाल तर माइक हवाच, आणि मग सगळ्या ऑर्केस्ट्राला हवा, एकट्या सोलिस्टला नव्हे. कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर सभागृहासारख्या बंद जागेत तो टाळा. स्पीकरमधून आलेला व्हायोला त्या बाईच्या हातातून येत नाही, भिंतीतून येतो. डोळा एकीकडे आणि कान दुसरीकडे जातो. जुन्या गोव्यातल्या दगडी चॅपलांसारख्या जागी उलट काळजी घ्या: तिथे मधले स्वर गुंजून सुंदर भरतात, पण जलद स्वर एकमेकांत मिसळतात. तिथे वाजवायचं ठरलं तर तिसऱ्या भागाची गती कमी करावी लागेल.

एक गोष्ट कळकळीने सांगते. आवाज कमी पडतो म्हणून सोलिस्टला 'अजून जोरात' सांगू नका. काही वर्षांपूर्वी एका नव्या रचनेच्या तालमीत मला तेच सांगत राहिले. मी बो दाबत गेले. दाबला की तार मोकळी हलत नाही, स्वर घुसमटतो, लांबून आणखी लहान ऐकू येतो. मग पुन्हा 'जोरात'. तिसऱ्या दिवशी माझा उजवा खांदा वर उचलेना आणि दोन आठवडे वाद्य पेटीत राहिलं. ती रचना चांगली होती. तिच्यात दोन ट्रॉम्बोन चार ओळींसाठी गप्प बसवायचे होते, एवढंच.

आता तुमचा दुसरा भाग, जिथे ऑर्केस्ट्रा सोलिस्टवर कोसळतो. तिथे ती बुडाली तर बुडू द्या. श्निट्केच्या मधल्या वेगवान भागात सोलिस्टला श्वास घ्यायला उसंत नसते, ऑर्केस्ट्रा तिला ढकलत राहतो, आणि ती धडपड हेच तिथलं नाट्य आहे. पण ते नाट्य उभं राहतं कारण त्याआधीच्या संथ भागात आपण तो आवाज ओळखलेला असतो. कोणाला गिळलं जातंय ते ठाऊक असलं तरच गिळण्याचं दुःख होतं. म्हणून पहिली चार मिनिटं इतकी महत्त्वाची. माझं मत विचाराल तर पहिला मिनिटभर ती एकटीच असू दे. सा लावू दे, श्रीचा रिषभ दाखवू दे. मग तानपुरा येऊ दे.

पुढच्या तालमीत पूर्ण ऑर्केस्ट्रा बोलावण्याआधी एक संध्याकाळ फक्त पाच जणांना बोलावा: सोलिस्ट, पियानो, दोन व्हायोलिन, एक बेस. तिला कंडक्टरच्या डावीकडे उभं करा, एफ-होल्स सभागृहाकडे. तुम्ही स्वतः शेवटच्या रांगेत बसा, स्कोअर बंद ठेवून. पहिली चार मिनिटं वाजवून घ्या, आणि मग एकेक वाद्य वाढवत जा: एक क्लॅरिनेट, एक चेलो, शेवटी एक हॉर्न. ज्या क्षणी तिच्या मींडेचा शेवट ऐकू येईनासा होईल, तिथे थांबा आणि शेवटी आलेल्या वाद्याचं नाव लिहून ठेवा. वाजवून झालं की तिला जवळ बसवून विचारा, कोणत्या मापात (स्कोअरमधल्या दोन उभ्या रेषांमधल्या तुकड्यात) बो जड लागला. ती जी मापं सांगेल त्यांचे आकडे आणि तुमच्या वहीतली नावं मला पाठवा, आपण ती पानं एकत्र बसून पुन्हा लिहू.